पडणाऱ्या माणसाचा हात

अलिबाग-मुरुड रस्त्यावर नेहमी एसटीने जाणारे-येणारे लोक क्रांती घरतला ओळखतात. उंच, काटक बाई, आवाज खणखणीत. तिचं सासर रामराजच्या बाजूला, भातशेतीचं घर. नवरा विनेश कारखान्यात पाळीवर जातो आणि ती त्या गाडीवर कंडक्टर आहे. तिकीट काढताना ती चढणाऱ्याच्या तोंडाकडे बघून कुठे जाणार ते ओळखते, आणि बहुतेक वेळा चुकत नाही.

एका दिवाळीच्या सुट्टीत काशीदहून चार पर्यटक गाडीत चढले. गाडी खच्चून भरली होती. गर्दीतून तिकिटं देत ती पुढे सरकत असताना त्यांच्यातल्या एकाने तिच्या कमरेला चिमटा काढला. ती वळली तेव्हा चौघंही खिडकीबाहेर बघत हसत होते. कोणी काढला ते तिला कळलं होतं. ती काही बोलली नाही. उलट त्याच माणसाचे सुटे पैसे द्यायचे राहिले होते, ते तिने मोजून त्याच्या हातावर ठेवले. घरी तिने कोणाला सांगितलं नाही. चिमट्यापेक्षा ते सुटे पैसे तिला जास्त छळत राहिले.

पुढे महिला दिनाला आगारात शिबिर झालं. पनवेलहून आलेल्या एका बाईंनी कंडक्टर बायकांना अंगावर आलेला हात कसा सोडवायचा ते शिकवलं. मागून कोणी खांदा धरला तर त्याचा पंजा आपल्या हाताने तिथेच दाबून धरायचा, गर्रकन वळायचं आणि त्याचं मनगट मोडून खाली दाबायचं. जाताना बाई म्हणाल्या, "हे एकदा बघून येत नाही. घरी जोडीला कोणी घ्या आणि रोज करा."

क्रांतीने विनेशला सांगून बघितलं. त्याने मागून खांदा धरला, तिने त्याचा पंजा पकडला, आणि तो हसायलाच लागला. तेवढ्यात सासू पडवीत आली. दोघांनी हात सोडले. "पोरं मोठी झाली आता," एवढंच म्हणून सासू आत गेली. त्यानंतर विनेश काही जोडीला उभा राहिला नाही.

मग तिने भाताच्या रिकाम्या गोणीत पेंढा आणि रेती भरली आणि ती परसातल्या फणसाला टांगली. विनेशच्या जुन्या शर्टाची बाही त्यात चिंध्या कोंबून गोणीला शिवली. बाहीच्या टोकाला रेती भरलेला रबरी हातमोजा बांधला. सकाळी ड्यूटीला निघण्याआधी ती तो हातमोजा खांद्यावर घ्यायची, दाबायची, वळायची, मोडायची. फोनवर व्हिडिओ लावून आणखी काही डाव शिकली. पावसाळाभर गोणी गोठ्यात आणून तिने सराव चालू ठेवला. गोणीला तिने त्या खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसाचं तोंड दिलं होतं. हातमोजा तीनदा फाटला. खांद्यांत बळ आलं, वळणं सहज व्हायला लागलं, आणि गाडीत चढताना तिची मानही जरा ताठ राहायला लागली. गोणी कधी दुखलं म्हणाली नाही की थांब म्हणाली नाही. त्यात काही राहून जातंय असं तेव्हा तिच्या मनातही आलं नाही.

जानेवारीतली दुपार होती. भागोजी नावाचा एक म्हातारा कोळी अलिबागला सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घरी, बोर्लीला, निघाला होता. मुलगा बोटीवर गेलेला, म्हणून एकटाच आला होता. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्याला सगळं धूसर दिसत होतं. कोर्लई मागे पडल्यावर आपला स्टॉप चुकेल या भीतीने तो आधीच उठून दाराकडे निघाला. क्रांती पाठमोरी उभी राहून एका बाईला तिकीट देत होती. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या आणि ड्रायव्हर तुळशीरामने करकचून ब्रेक दाबला. भागोजीचा तोल गेला. हाताला जे लागलं ते त्याने धरलं. तो क्रांतीचा खांदा होता.

तिने त्याचा पंजा दाबला, वळली आणि मनगट खाली मोडलं. सगळं अगदी गोणीवर व्हायचं तसं बिनचूक झालं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला आणि म्हातारा दोन सीटांच्या मधे गुडघ्यांवर बसला.

तो हात हातात आला त्याच क्षणी तिला कळलं होतं. त्या हातात जोर नव्हता. होतं ते सगळं त्या माणसाचं वजन होतं, पडणाऱ्या माणसाचं. पण गोणीला शिवलेला हात तिने इतक्यांदा मोडला होता की अर्ध्यावर थांबायचं कसं हे तिच्या अंगाला माहीतच नव्हतं.

"बरोबर केलंत, ताई," मागून एक तरुण म्हणाला. "वय बघा आणि धंदे बघा."

"यांना असंच पाहिजे," एक बाई म्हणाली. कोणीतरी फोन काढला. भागोजीने डावा हात कपाळाला लावला.

"चुकलो, बाय," तो म्हणाला. "मी पडत व्हतो. हात कुठं गेला ता दिसला न्हाय."

"सगळे असंच म्हणतात," तो तरुण म्हणाला. गाडीतले लोक हसले.

क्रांतीने तेव्हा बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की हे खरं सांगताहेत. पण दिवाळीत त्याच गाडीत तिच्या बाजूने कोणी नव्हतं आणि आज सगळी गाडी तिच्या बाजूने होती. ती गप्प राहिली. बोर्लीला भागोजी मनगट छातीशी धरून एकटाच उतरला. त्याची औषधाची पिशवी कोणीतरी खिडकीतून खाली टाकली. क्रांतीने डबल बेल दिली.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यात पडण्याआधीचं काही नव्हतं. हात जोडायला धडपडणारा म्हातारा आणि त्याच्यासमोर उभी क्रांती, एवढंच. खाली कोणी 'रणरागिणी' लिहिलं, कोणी 'रायगडची वाघीण'. आगारात पेढे वाटले. साहेब म्हणाले, येत्या कार्यक्रमात तुमचा सत्कार करू. विनेशने व्हिडिओ आईला दाखवला. क्रांती जेवण अर्धं टाकून उठली आणि परसात भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी तिने पुन्हा घासली.

पुढच्या फेरीला मुरुड स्टँडवर चहा घेताना तुळशीराम तिच्याशेजारी येऊन बसला. मितभाषी माणूस, निवृत्तीला आला होता.

"ब्रेक मी मारला होता," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आरशात दिसलं मला सगळं. मीही बोललो नाही." त्याने कप खाली ठेवला. "तू बोलशील असं वाटलं होतं."

तो चिडून बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

सुट्टीच्या दिवशी ती साध्या साडीत बोर्लीला उतरली. कोळीवाड्यात वाळवणाच्या ओट्यावर एक म्हातारी बोंबील उलटत होती. क्रांतीने भागोजींचं घर विचारलं.

"काय काम हाय?"

"मी त्या गाडीतली कंडक्टर."

म्हातारीचे हात थांबले. ती भागोजीची बायको, नीराबाई होती. तिने क्रांतीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पुन्हा बोंबील उलटायला लागली. क्रांतीने तिथेच उन्हात उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी काही केलं नव्हतं. ते पडत होते. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी गप्प बसले.

"ह्या मना कशाला सांगतंस?" नीराबाई म्हणाली. "मना ठाव हाय मी कुणाबरोबर संसार केला ता. ज्यांना ठाव न्हाय त्यांना सांग. देवळाच्या कट्ट्यावर बसायचा तो, तो जायचा बंद झाला. पोरं मोबाईल दाखवून हसतान. सून नातीला त्याच्याजवळ बसू देत न्हाय."

क्रांतीने ते कुठे आहेत विचारलं, तेव्हा नीराबाईने मानेनेच दार दाखवलं.

भागोजी घरात कोपऱ्यात होता, हाताला प्लास्टर. तिला बघून तो उठायला लागला. ती पायाशी वाकली तर त्याने पाय झटकन मागे ओढून घेतले, तिचा स्पर्श होऊ नये म्हणून.

"बाय, तू मनावर घेऊ नको," तो म्हणाला. "सगली बोलतान तवा आता माझा मनाच भरोसा वाटत न्हाय. वाईट हात लागला असंल तर माफ कर."

"नाही लागला, बाबा," क्रांती म्हणाली. "नाही लागला."

तिथून ती देवळाच्या कट्ट्यावर गेली. चार-पाच जण पत्ते खेळत होते. तिने तेच पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मग परत भागोजीच्या घरी येऊन दारामागे उभ्या असलेल्या सुनेला सांगितलं. सून ऐकून आत गेली. दुसऱ्या दिवशी क्रांतीने भरल्या गाडीत, तिकिटाचं मशीन हातात धरून, सांगितलं. एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "दबाव आला असणार बाईवर." गणवेशात तिने स्वतःचा व्हिडिओ केला, तोही टाकला. तो फारसा कोणी पुढे पाठवला नाही. सत्कार रद्द झाला. साहेब वैतागले, विषय मिटला होता, तुम्हीच उकरलात, म्हणाले. प्रवाशाचा हात मोडल्याबद्दल चौकशी लागली, लेखी ताकीद मिळाली. विनेश काही दिवस घुश्शात होता. नातेवाइकांना काय सांगू, असं त्याचं म्हणणं होतं.

भागोजीचं मनगट जुळलं, पण जरासं वाकडंच. जाळ्याची गाठ त्याला आता घट्ट मारता येत नाही. पुढे कधीतरी तो कट्ट्यावर बसायला लागला असं तुळशीरामने सांगितलं. नात त्याच्याकडे जाते का, हे क्रांतीला कळलं नाही. नीराबाई गाडीत असते तेव्हा विचारावं असं तिला वाटतं, पण तो प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे असं तिला वाटत नाही.

सराव तिने बरेच दिवस सोडला होता. मग ऋतिका नावाच्या दुसऱ्या कंडक्टरने आग्रह केला आणि दोघी आगारातल्या विश्रांतीच्या खोलीत करायला लागल्या. पहिल्यांदा ऋतिकाने मागून खांदा धरला तेव्हा क्रांती नुसती उभी राहिली. तिचे हात वर येईनात. आता येतात. पण ऋतिका 'आं' म्हणायच्या आधीच ती सोडून देते, आणि ऋतिका वैतागते.

परवा अलिबाग स्टँडवर कॉलेजातली एक मुलगी धावत आली. "तुम्हीच ना त्या? एक सेल्फी घेऊ?" क्रांतीने तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. म्हशी, ब्रेक, औषध घातलेले डोळे. असं ती दर वेळी सांगते. अजून ते सांगणं तिला सोपं झालेलं नाही. मुलीने ऐकता ऐकता फोन पिशवीत टाकला.

"मग माफी मागितली का?" तिने विचारलं.

"हो," क्रांती म्हणाली. "आधी त्यांनी मागितली."

मुलीची रेवदंड्याची गाडी लागली होती. ती उठली आणि जाताना मागे वळून बघत गेली.