स्टीलच्या डब्यात लोणचं

रविवारी दुपारी जेवून आरामखुर्चीत बसते. मांडीवर चौकशीचा अहवाल आहे. उद्या सकाळी मेंटेनन्सची प्रमुख म्हणून मी सही केली, की तो वर जाणार. तिसऱ्या पानावर लिहिलंय, 'अपघाताचे कारण : फिटर काशिराम पाटणे यांचा निष्काळजीपणा.' वाचून डोकं सणकतं, पण डोळे जड होतात आणि अक्षरं एकमेकांत मिसळायला लागतात.

"निष्काळजी कोन? मी?"

स्वयंपाकघराच्या दारात पाटणे उभे आहेत. त्यांना जाऊन एकवीस दिवस झाले. चेहरा स्वच्छ आहे, कुठे भाजल्याची खूण नाही.

"पाटणेभाऊ, ते मी नाही लिहिलं. वरच्यांनी लिहिलंय."

"हिकडं या."

मी आत जाते. ओट्याच्या जागी हायड्रोक्लोरिक ॲसिडची टाकी आहे, फळीवरून पाइप गेलेत. पाटणे नव्या, चकचकीत व्हॉल्व्हवर पाना वाजवतात.

"बाई, तुमच्या आईनं लोनचं कधी स्टीलच्या डब्यात भरलेलं?"

"नाही. चिनी मातीच्या बरणीत."

"का?"

"मीठ आणि आंबट. डब्याला खातं ते."

"माझ्या आयशीलापन ठावं होतं, शाळंत गेली नव्हती ती. आनि तुमी शिकलेल्या लोकांनी ह्या ॲसिडला स्टीलचा व्हॉल्व्ह बसवलात! आतून टेफ्लॉनचं अस्तर असलेला मागवा, मी दोनदा सांगितलं."

"अस्तराचा यायला सहा आठवडे लागणार होते," मी सांगायला लागते. "खरेदीवाल्यांकडे हा तयार होता. साहेबांना दिवाळीआधी प्लांट चालू हवा होता." माझा आवाज चढतो. खरंच संताप होतोय मला. "आणि आता चोर सोडून संन्याशाला सुळी देतायत!"

पाटणे व्हॉल्व्हच्या पोटाला बोट लावतात. बोट आरपार जातं.

"तीन आठवडे टिकला," ते म्हणतात.

आता आम्ही त्यांच्या घराच्या पडवीत बसलोय. आत त्यांची मुलगी पुस्तकातून मोठ्यानं काहीतरी पाठ करतेय.

"आयटीआयला फिटरच शिकतेय. बापाचं नाव सांगून मिरवते. उद्या हा कागद तिच्या हातात पडला तर?"

"मी साहेबांना सांगते."

"साहेब ऱ्हाऊ दे. बाई, ह्यो व्हॉल्व्ह चालंल म्हनून सही कोनाची?"

मी खरेदीवाल्यांचं नाव घ्यायला तोंड उघडते. पाटणे वाट बघतात. घाई नाही त्यांना.

जाग येते तेव्हा ऊन पायांवर आलंय. अहवाल खाली पडलाय, तिसरं पान वर. पाटण्यांच्या नावावर काट मारलीय, कागद फाटेल इतकी दाबून. त्याच्यावर माझ्याच अक्षरात माझं पूर्ण नाव आहे, मंदाकिनी श्रीधर लेले. हात फिरवून बघते, तर बोटाला ओली शाई लागते.