हट्ट्याचं दोन वेळांचं घड्याळ

मला जुन्या, दोन वेळा दाखवणाऱ्या घड्याळांचं वेड आहे. केस एकच, आत दोन छोट्या तबकड्या: एकीवर इथली वेळ, दुसरीवर परदेशातली. पुण्यात मी संध्याकाळचा चहा घेतोय आणि टोरांटोत माझी लेक आत्ता कुठे उठतेय, हे मनगटावर दिसतं. काय मजा असते त्यात, हे वेड लागल्याशिवाय कळत नाही.

घड्याळवेड्यांच्या ग्रुपवर वसमतजवळच्या हट्टा गावातल्या केरबाकाकांच्या घड्याळाचा फोटो आला आणि मी त्याच दिवशी त्यांना फोन करून तिकीट काढलं. काका पूर्वी कुवेतला ड्रायव्हर होते. तिथल्या उन्हाने दोन्ही तबकड्या चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. असा रंग मुद्दाम आणता येत नाही, आणि आम्ही जीव टाकतो तो त्यासाठीच.

रात्रीच्या रेल्वेने परभणी, तिथून वसमतकडची एसटी. जाणार असाल तर स्टँडवरच गरम भजी खाऊन घ्या, चाळीसेक रुपयांत पोट भरतं. उन्हाळ्याच्या तोंडावर गेलात तर खिडकीची जागा धरा, जिकडेतिकडे हळद वाळत घातलेली दिसते.

काकांच्या अंगणातही हळदच होती. कडेला हळद पॉलिश करायचा ड्रम घरघरत होता. काकांनी पिवळे हात धुतले आणि रुमालाची घडी उलगडली. तबकड्या पांढऱ्याफेक होत्या. केस घासून इतकी चकचकीत केली होती की तिच्या कडाच उरल्या नव्हत्या.

"वसमतला नेऊन पॉलिश करून आनलं. आतून रंगबी मारला," काका खुशीत म्हणाले.

"काहून?" माझ्या तोंडून 'का'ऐवजी तिकडचाच शब्द निघाला.

"तुमी पुन्याहून येऊन राहिले. पॉलिश केल्याबिगर हळद तरी कोनी घेतं का?"

ज्यासाठी आलो ते गेलं होतं, आणि माझ्या मानासाठीच गेलं होतं. सुमनकाकूंनी भाकरी-पिठलं वाढलं. मी जेवलो, पण चव कळली नाही. घड्याळाकडे पुन्हा पाहिलं तर दोन्ही तबकड्यांवर एकच वेळ.

"दुसरी बिघडली का?"

"न्हाई, बराबर हाय," काका म्हणाले. "तिकडं असताना तिच्यावर इथला टाइम ठेवायचो. आता लेकरू शाळेतून आलं असंल, आता ही चूल पेटवत असंल. जेवताना नजर तिथंच जायची, घास उतरायचा न्हाई. कायमचा परत आलो तवा दोन्हीचे काटे एक केले. लई तकलीफ दिली दोन टाइमानं."

"न्या तुमी ते," काकू चुलीपासून म्हणाल्या. "मला घरात नको वाटतं."

इतकी वर्षं ज्याला मी गंमत म्हणत आलो, ते या घराने असं भोगलं होतं. फोनवर ठरलेली पूर्ण किंमत दिली. घड्याळ मनगटावर बांधलं.

परतताना वाट वाकडी करून औंढ्याला गेलो. नागनाथाच्या देवळावरचं कोरीवकाम सावकाश बघावं असं आहे. तुम्ही बघा. माझी नजर सारखी मनगटाकडे जात होती.

पुण्याला पोचलो आणि लेकीचा फोन आला.

"मिळालं का घड्याळ, बाबा?"

"मिळालं."

"माझी वेळ लावली?"

"लावली," मी म्हणालो.

लावली नव्हती. रोज किल्ली देतो, पण काकांनी एक केलेले काटे वेगळे करायला अजून हात धजत नाही.