अनुमोदक कोण?

डबा उघडण्याआधी जयवंत सकपाळ उभा राहायचा. बहरीनमधल्या तुबलीच्या वर्कशॉपमध्ये, तापलेल्या पत्र्याखाली आम्ही भुकेने कळवळलेले, आमटीचा वास नाकात, आणि हा गृहस्थ गळ्यातला टाय शर्टाच्या दोन बटणांमधून आत खोचत गंभीर आवाजात म्हणायचा, "आता जेवायला बसावं, अशी सूचना मी मांडतो. अनुमोदक कोण?"

कुणीतरी "माझं अनुमोदन आहे" म्हटल्याशिवाय झाकण निघायचं नाही. हे कुणीतरी म्हणजे मी. भुकेपुढे माझं काही चालत नाही. वर्षानुवर्षं मी सकपाळच्या सगळ्या सूचनांना अनुमोदन देत आलो. जेवायला, चहाला, गुरुवारी लवकर सुटायला. सवयच अशी लागली की त्याचं "अनुमोदक?" कानावर पडलं की माझ्या तोंडातून शब्द आपोआप बाहेर पडायचा.

आमची कंपनी मोठमोठ्या इमारतींची एअर कंडिशनिंगची कामं घ्यायची. सकपाळ फोरमन, मी ड्राफ्ट्समन, डक्टचे, म्हणजे हवा खेळवणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यांचे, नकाशे काढणारा. तो रायगडातल्या डोंगराकडच्या गावचा, बौद्ध, आयटीआय केलेला, आवाजाने आणि मिशीने भारदस्त. नम्रता त्याच्या आसपासही फिरकली नव्हती. टाय न लावलेल्या माणसाशी तो जरा वरच्या पट्टीत बोलायचा. माझं आडनाव इनामदार. पहिल्याच दिवशी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाला, "इनाम गेलं, दार तेवढं राहिलं. हरकत नाही, दार उघडं ठेवा." आमची दोस्ती तिथून सुरू झाली.

या अनुमोदनाचं वेड कुठून आलं ते मी एकदा विचारलं. त्याच्या लहानपणी गावात सभा भरली होती. विहीर सगळ्यांना खुली करावी असा ठराव एका मास्तरांनी मांडला. मास्तर वरच्या आळीतले, भले गृहस्थ. छान बोलले. अध्यक्षांनी विचारलं, अनुमोदक कोण? सभेत माणसं खच्चून भरलेली. मनातून कितीतरी जणांना पटलेलं होतं म्हणे. कुणी घसा खाकरला, कुणी धोतराचा सोगा नीट केला. अध्यक्षांनी ठराव बारगळल्याचं सांगितलं आणि लोक जिलबी खाऊन घरी गेले.

"सूचक ढीगभर मिळतात इनामदार," सकपाळ म्हणाला. "चांगलं बोलायला काय लागतं? दुसरा उठतो का, ते बघायचं."

आमचं एक लहानसं मंडळ होतं. गणपती बसवायचा, एप्रिलची जयंती करायची, कुणी आजारी पडला तर हॉस्पिटलात डबा पोचवायचा. नव्वदीच्या दशकातल्या त्या वर्षांत बहरीनमध्ये वातावरण तापलेलं होतं; बरखास्त झालेली संसद परत द्या म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते. गावागावांत टायर जळत, रस्त्यांवर तपासणी चाले, परवानगीशिवाय चार माणसं जमणं धोक्याचं. पण वार्षिक सभा घेतल्याशिवाय सकपाळला झोप यायची नाही. म्हणून ती आम्ही वाढदिवस म्हणून साजरी करायचो. फुगे लावायचे, मधोमध केक, केकवर "हॅपी बर्थडे सचिव" अशी अक्षरं. मग दार लावून गुप्त मतदान. चिठ्ठ्या टाकायला बिस्किटांचा डबा, त्याला सकपाळने पत्रा कापायच्या कात्रीने केलेली फट. खजिनदार व्हायला दोनच इच्छुक, आणि दोघंही एकमेकांना "तूच हो बाबा" म्हणणारे. तरी मतदान व्हायचंच.

एका वर्षी आमचा स्टोअरकीपर हसन केक खायला आला. हसन इथलाच, सनद गावचा. तरणाबांड, थट्टेखोर, आणि सकपाळला चिडवण्यात पटाईत. आम्हा सगळ्यांना तो रफीक म्हणायचा, म्हणजे दोस्त. डब्याभोवतीची रांग तो बराच वेळ बघत राहिला. मग आमच्या धेडगुजरी हिंदीत म्हणाला, "रफीक, तुम लोग इधर का नहीं. फिर भी वोट डालता. मैं इधर का. मैं किसको डालूँ?"

आम्ही केक कापला.

मोजणी झाली तेव्हा एक चिठ्ठी जास्त निघाली. तिच्यावर अरबीत काहीतरी लिहिलेलं. सकपाळचा चेहरा काळवंडला. हसन हसत म्हणाला, "मेरा है. बस देखना था, कैसा लगता है."

"मताची चेष्टा करतोस?" सकपाळ मराठीतच गरजला. एक मत बाहेरचं म्हणून त्याने सबंध निवडणूक रद्द केली. हसनने माफी मागितली, पण माफी मागताना त्याला हसू आवरेना, आणि तिथे सगळं बिनसलं. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. स्टोअरमधून नटबोल्ट हवे असले तरी सकपाळ मला पाठवायचा. "त्या मतदाराकडून अर्ध्या इंचाचे घेऊन ये."

आणि एका शनिवारी हसन कामावर आला नाही.

काही दिवसांनी त्याची आई गेटवर आली. काळ्या अबायात, चप्पल झिजलेली. पोलीस चौकीत जाऊन आली होती, हॉस्पिटलात जाऊन आली होती. सगळीकडे एकच शब्द ऐकून आलेली: मफी. नाही. इथे नाही, नाव नाही, माहिती नाही. आम्हाला तिची अरबी फारशी कळत नव्हती, पण तो एक शब्द ती प्रत्येक वाक्यानंतर हात झटकून म्हणत होती, तो कळला.

आमचे मॅनेजर हेन्रिकसाहेब युरोपियन. देखणा, मृदू बोलणारा माणूस. त्यांनी बाईंना थंड केबिनमध्ये बसवलं, स्वतःच्या हाताने पाणी दिलं. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं, मी पाहिलं. मग ते म्हणाले की हा स्थानिक कायद्याचा प्रश्न आहे, आणि इंशाल्ला सगळं ठीक होईल. 'इंशाल्ला' त्यांना फार छान म्हणता यायचं. त्यांच्या पाठीमागच्या तिजोरीत आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट होते. "हरवू नयेत म्हणून," असं ते सांगत. सकपाळ म्हणायचा, "साहेबाचं माणसाच्या हक्कांवर इतकं प्रेम, की ते कुलपात ठेवतो."

त्याच सुमारास युरोपातल्या काही देशांच्या लोकप्रतिनिधींचं एक शिष्टमंडळ आलं. लोकशाही आणि मानवी हक्क जपण्यासाठी त्या देशांनी हातात हात घातले होते म्हणे, आणि आता ते हात इथवर आले होते. जुफैरच्या बाजूच्या एका हॉटेलात त्यांच्यासाठी समारंभ ठरला. यजमानांमध्ये हेन्रिकसाहेब. हॉटेलची एसी यंत्रणा आमचीच. सकपाळने साहेबांना विचारलं, "तिथे हसनचं विचाराल ना?"

"जयवंत, प्रत्येक गोष्टीला योग्य व्यासपीठ असतं."

"तुमचंच आहे की साहेब. लाकूडही चांगलं वापरलंय."

साहेब हसले. सकपाळ हसला नाही.

समारंभाच्या दिवशी उकाडा भयंकर होता. हॉलमधली हवा कमीजास्त करणारी डक्टमधली झडप बिघडलेली, म्हणून ती हाताने धरून ठेवायला मी छपराखाली, खोट्या सिलिंगच्या वर, गुडघ्यांत मान घालून बसलो होतो. समोरच्या जाळीतून खालचा सगळा हॉल मला दिसत होता. नाटकाला असली जागा मिळाली नव्हती कधी. सकपाळ खाली भिंतीजवळ, थर्मोस्टॅटपाशी. इस्त्रीचा शर्ट, टाय आज बाहेर, खिशात स्क्रूड्रायव्हर.

शिष्टमंडळाच्या प्रमुख एक वयस्क बाई होत्या. गळ्यात मोत्यांचा सर, आवाज इतका गोड की मलासुद्धा वर भरून आलं. माणूस कुठल्याही देशात असो, तो गुपचूप नाहीसा होता कामा नये, त्या म्हणाल्या. एका माणसाबद्दल विचारलं गेलं तर सगळ्या माणसांबद्दल विचारल्यासारखं असतं, असंही म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मग बाईंनी हसून विचारलं, कुणाला काही विचारायचं आहे?

सकपाळने हात वर केला.

माझ्या हातातली झडप सुटली. गार हवेचा झोत हॉलमध्ये घुसला, टेबलावरचे नॅपकिन उडाले.

"मॅडम," सकपाळ इंग्रजीत म्हणाला. त्याची इंग्रजी मोजूनमापून, सभेच्या इतिवृत्तातली. "मी एक ठराव मांडतो. सनदचा हसन, आमच्या कंपनीतला स्टोअरकीपर, कुठे आहे, असं ही सभा विचारत आहे. सूचक, जयवंत सकपाळ." मग त्याने सगळ्या हॉलवरून सावकाश नजर फिरवली आणि आधी इंग्रजीत, मग सवयीने मराठीत विचारलं, "अनुमोदक कोण?"

तिथे बसलेल्या अर्ध्या लोकांचा जन्म ठराव करण्यात गेला होता. अनुमोदक म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. एकाने ग्लासातला बर्फ हलवला. एकाने चष्मा पुसला. हेन्रिकसाहेब गालिच्याची नक्षी बघू लागले. यजमानांच्या टेबलावरचे दोन स्थानिक अधिकारी मात्र सरळ सकपाळकडे बघत होते.

आणि छतातून आवाज आला, "माझं अनुमोदन आहे!"

मराठीत. डक्टमध्ये घुमलेला, भुताटकीसारखा. शपथेवर सांगतो, ते मी ठरवून म्हटलं नाही. "अनुमोदक" ऐकलं आणि तोंडातून निघून गेलं. सगळा हॉल वर बघू लागला. कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग त्या हसण्याचा आधार सापडल्यासारखे सगळेच हसले. बाई म्हणाल्या, "थँक यू. आम्ही याची नक्की नोंद घेऊ." जेवण लागल्याचं कुणीतरी जाहीर केलं. एक उंच गोरे सद्गृहस्थ मुद्दाम सकपाळजवळ गेले. मला वाटलं, हात मिळवतायत. ते म्हणाले, आता जरा जास्तच गार झालंय, थोडं कमी करता येईल का?

सकपाळने कमी केलं. काम म्हणजे काम.

छतातला आवाज कुणाचा, हे त्याला नंतर फार विचारलं गेलं. तो म्हणाला, "मशीन जुनं आहे. कधी कधी बोलतं."

त्याच आठवड्यात त्याचा व्हिसा कॅन्सल झाला. हेन्रिकसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, मलाही, दुभाष्या म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. साहेबांचे डोळे पुन्हा ओले. "मला वरून फोन आला, जयवंत. माझ्या हातात काही नाही. पण मी तुझ्या बाजूला आहे, हे लक्षात ठेव."

"बाजूला पुष्कळ जण आहेत, साहेब," सकपाळ म्हणाला. "बाजूला जागा उरली नाही."

साहेबांनी तिजोरी उघडली आणि पासपोर्ट त्याच्या हातात ठेवला. सुट्टी नसताना मिळालेला पहिलाच.

विमानतळावर मी त्याला म्हटलं, "सकपाळ, हसनशी तुझं बोलणंही नव्हतं. कशाला पडलास यात?"

"बोलणं नव्हतं म्हणून तर," तो म्हणाला. "बोलणं असतं तर लोक म्हणाले असते, दोस्तासाठी केलं." मग ओठ चावत पुढे म्हणाला, "आणि त्याचं मत मी बाद केलं, ते बरोबरच होतं. ते तसंच राहणार."

काही महिन्यांनी हेन्रिकसाहेब हातात फॅक्स नाचवत माझ्या टेबलाशी आले. तिकडे युरोपात ठराव झाला होता. गंभीर चिंता व्यक्त करण्यात आली होती. सूचक अनेक देशांचे, अनुमोदक त्याहून जास्त, मतं भरघोस. मी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. हसन त्यात नव्हता. "काही व्यक्ती" होत्या. साहेब म्हणाले, "बघ, तुझ्या मित्राचं वाया गेलं नाही." मी म्हटलं, "इंशाल्ला, साहेब." ते मलाही छान म्हणता येऊ लागलं होतं.

दशक संपत आलं तेव्हा तुरुंगातून बऱ्याच जणांना सोडलं, त्यांत हसनही सुटला. एका दुपारी वर्कशॉपवर आला. नोकरी मागायला नाही, सहज. केस पांढरे झालेले, डावा कान माझ्याकडे करेना; त्या कानाने ऐकू येत नसावं. मी चहा मागवला आणि त्याला सगळी गोष्ट साभिनय सांगितली. मोत्यांच्या बाई केल्या, उडणारे नॅपकिन केले, छतातला आवाजही काढून दाखवला. मला वाटलं, हसेल. हा माणूस हसण्यात कधी मागे नव्हता.

"मालूम है," हसन म्हणाला. "उधर भी पूछा."

"काय विचारलं?"

"बोला, ये हिंदी आदमी, इंडियावाला, तेरा कौन है? बड़े लोगों के सामने तेरा नाम क्यों लिया? बाहर किस-किस से बात करता?" त्याने चहाचा ग्लास टेबलावर गोल फिरवला. "मैं बोला, मेरा कोई नहीं. मेरे साथ बात भी नहीं करता." मग एक घोट घेऊन म्हणाला, "सच बोला मैं. वो मानते नहीं थे. बहुत दिन तक नहीं माने."

मी त्याच्या कानाकडे बघणं टाळलं.

"उसको मत बोलना," जाताना तो म्हणाला. "अच्छा आदमी है. ग़ुस्सेवाला है, लेकिन अच्छा."

त्या वर्षी सुट्टीवर आलो तेव्हा मी बदलापूरला सकपाळच्या घरी गेलो. दोन खोल्या, गॅलरीत दुरुस्तीला आलेले फ्रीज. मिशी पार उतरलेली. परत गल्फला जायचं त्याने दोनदा पाहिलं होतं, पण व्हिसाच लागत नव्हता. वहिनींनी पोहे पुढे केले. मी बसतो न बसतो तोच त्याने विचारलं, "हसन?"

"सुटला."

त्याने डोळे मिटून घेतले. मग लहान मुलासारखं जपून विचारलं, "आपण विचारलं होतं, त्याचं काही झालं का रे? पोचलं कुठे?"

"पोचलं," मी म्हटलं. "हसनपर्यंत पोचलं. त्याने स्वतः सांगितलं."

"ऐकलंस?" सकपाळ आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला. "पोचलं म्हणतोय! आणि तू म्हणत होतीस, नोकरी फुकट घालवली!" तो उठला, पुन्हा बसला, माझ्या पाठीत एक जोराची थाप मारली. फ्रीज घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही त्याने दारातच सांगून टाकलं.

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्या हसत नव्हत्या. माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "कसं पोचलं हो, भाऊजी?"

"पोचलं," मी म्हटलं आणि पोह्यांची ताटली पुढे ओढली.