दुनळीची तिजोरी

जवळ ये गं जरा. कागदावरनं बोलत असले तरी तुझा कान माझ्या हातात आहे असंच समज. जावईबापू फौजेतनं सुटून आले, बंदुकीचं लायसन काढलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. शेतात घर, उसात बिबट्या, माणसाला आधार वाटतो. पण ती बंदूक तू ठेवलीस कुठं, तर दिवाणात, गोधड्यांच्या खाली. ज्या दिवाणावर तुझी पोरं दिवसभर उड्या मारतात, त्याच दिवाणात. आणि वर मला निरोप काय, तर "मावशी, तुमची तिजोरी केवढ्याला पडली तेवढं पाठवा." केवढ्याला पडली ते सांगीन. पण ती का घ्यावी लागली हे ऐकल्याशिवाय तुला तिजोरी निवडता यायची नाही, म्हणून आता बस आणि ऐक.

आमची दुनळी, दोन नळ्यांची बंदूक, तुझ्या काकांच्या वडलांची. ते गेल्यावर लायसन काकांच्या नावावर झालं. तेव्हापासून ती पुढच्या खोलीत, दोन लाकडी खुंट्यांवर आडवी. पाहुणा आला की त्याची नजर आधी बंदुकीवर जायची, मग पाण्याच्या तांब्यावर. वाजवली म्हणशील तर मक्यात डुकरं शिरली की हवेत एखादा बार, बस. माणसावर कधी रोखली नाही, जनावराला कधी लागली नाही. पण दर रविवारी उतरवायची, तेलाच्या फडक्यानं पुसायची, नळीतनं उजेडाकडं बघायचं आणि परत खुंटीवर. मी म्हणायची, एवढं निरखून माझं तोंड कधी बघितलं नाहीत. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "तुझ्या तोंडाला गंज चढत न्हाई."

असाच एक रविवार. बंदूक पुसून कॉटवर ठेवली आणि दारात कोण आलं म्हणून काका बाहेर गेले. लेक दौंडहून आलेली, नात तेव्हा बालवाडीत. मी चुलीपाशी. धप्पकन आवाज झाला आणि पोरगी रडायला लागली. पट्ट्याला धरून तिनं बंदूक ओढली होती, ती तिच्याच पायावर पडली. अंगठा तेवढा सुजला. काका धावत आले, बंदूक मधनं उघडून दोन्ही नळ्या लेकीला दाखवायला लागले. रिकामी हाय, बघ, रिकामी हाय. लेकीनं नळ्यांकडं बघितलंसुद्धा नाही. ती दवाखान्यात नर्स आहे. तिथं काय काय बघितलंय ते ती कधी घरी सांगत नाही. पोरीच्या पायाला हळद लावली, बॅग भरली आणि दुपारच्या गाडीनं शिरूरच्या स्टँडवरनं निघून गेली. भांडली नाही. भांडली असती तर मला लवकर कळलं असतं.

मग येणंच कमी झालं. दिवाळीला म्हणाली ड्यूटी आहे. उन्हाळ्यात म्हणाली पोरीला ऊन सोसत नाही. जत्रेला काही तिसरंच. मी आपली खरं मानत गेले. तेवढ्यात निवडणूक लागली. तुला आता लायसन झालंय तर माहीत असू दे, आचारसंहिता लागली की ठाण्यातनं निरोप येतो, बंदुका आणून जमा करा. काका दुनळी पोत्यात गुंडाळून घेऊन गेले, पावती घेऊन आले. आणि त्याच आठवड्यात लेक दारात हजर, पोरीला घेऊन, चांगली राहायला. मला आनंद मावेना. पुढच्या निवडणुकीला पुन्हा तसंच. काका म्हणाले, आपल्या पोरीला राजकारणाचा नाद लागलाय, मत दौंडला आन् पळती हितं. आम्ही दोघंही हसलो.

तिसऱ्या खेपेला फोनवर तिनं बापाचं विचारलं, आप्पांनी बंदूक जमा केली का? मी हो म्हटलं. मग शनिवारी येते, म्हणाली. फोन ठेवला तेव्हा कुठं मला कळलं. पोरगी माहेरी येत होती ती आईबापाला धरून नव्हे, ठाण्याच्या पावतीला धरून येत होती.

काकांना मी हे सांगितलं नाही. त्यांना ते लागलं असतं, आणि लागलं की ते चिडतात, आणि चिडले की हट्टाला पेटतात. म्हटलं, चाललंय तसं चालू दे. पण नंतर निवडणुकाच लांबल्या. झेडपीची होईना, पंचायत समितीची होईना. गावातले उभं राहणारे हळहळत होते, आणि त्यांच्याहून जास्त मी. अगं, मतासाठी कुणी एवढी वाट बघितली नसेल. नात पहिलीतनं दुसरीत गेली. दात पडलेला फोटो आला, नवीन दात आलेला फोटो आला, मधलं सगळं आमचं हुकलं.

एक दिवस ती फोनवर आजोबांशी बोलत होती. काकांना ऐकायला कमी येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो, त्यामुळं मलाही ऐकू आलं. पोरगी विचारत होती, "आबा, तुमच्याकडं निवडणूक कधी आहे? मला यायचंय."

काका आधी हसले. तुला कशाला पायजे निवडणूक, म्हणाले. तर म्हणाली, आई म्हणते निवडणूक लागली की जाऊ. काकांनी खुंट्यांकडं बघितलं. मग फोन माझ्या हातात दिला आणि गोठ्याकडं गेले. धार काढायची वेळसुद्धा नव्हती.

संध्याकाळी एवढंच विचारलं, एवढ्यासाठी? मी म्हटलं, एवढ्यासाठी. मी म्हटलं, ठाण्यात देऊन टाका कायमची. तर म्हणाले, वडलांनी दिलेली वस्तू आहे, माझ्या हातानं कशी देऊ. आणि तेही खरंच गं. पाण्याच्या पाळीला गेलेल्या पोरांना उसाच्या कडेला काही हललेलं दिसलं, की ती यांनाच हाक मारतात. हे बांधावर जाऊन नुसते उभे राहिले तरी पोरांना धीर येतो. मी म्हटलं, मग तिला कुलूप घाला. त्या दिवसापासून आमची तिजोरीची शोधाशोध सुरू झाली.

पहिली तिजोरी पुतण्यानं मोबाइलवरनं मागवली. फोटोत मोठी भारदस्त दिसत होती. देणारा पोरगा मोटरसायकलवरनं आला आणि खोकं काखेत मारून ओट्यावर घेऊन आला. मी तिथंच म्हटलं, जी तिजोरी एक माणूस काखेत आणतो, ती दुसरा कुणी काखेत घेऊन जाईल. पत्र्यावर अंगठा दाबला, तर टपकन आत गेला. आपण बाजारात पातेलं घेताना सुद्धा वाजवून घेतो, आणि ही नुसती फोटो बघून घेतलेली. परत पाठवली.

दुसऱ्या पुतण्याची कुरकुंभला कंपनीत शिफ्ट असते. त्यानं सांगितलं, कामगारांची जुनी कपाटं भंगारात निघालीत, स्वस्तात मिळतील. बघायला गेलो. उंच होती, बंदूक उभी मावली असती. पण दाराला वारा जायला फटी, त्यातनं पोरांची बोटं आत जातील. आणि किल्ली? एका कपाटाची किल्ली शेजारच्या कपाटाला लागत होती. काकांनीच मान हलवली.

मग पुण्याला दुकानात. काय सांगू, तिथली तिजोरी बघून मला तिच्यात राहायला जावंसं वाटलं. जाड दार, आतनं मखमल, वर आकड्यांची बटणं. किंमत एका दुभत्या म्हशीची. शिवाय आकड्यांचं मला पटेना. काका नंबर कुठला ठेवणार, तर ट्रॅक्टरचा. तो तर गावातल्या शेंबड्या पोराला पाठ. दुकानदारानं विचारलं, बंदूक किती लांब? काकांनी हात पसरून दाखवलं. मला एकदम आठवलं. मी विचारलं, अहो, अडीच हात लांब बंदूक तुम्ही खताच्या पोत्यात घालून ठाण्यात नेलीत, ती मावली कशी? तर म्हणाले, तिचे तीन भाग सुटतात की. नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा, खालचं लाकूड वेगळं. इतकी वर्षं माझ्या डोक्यावर टांगलेली वस्तू, आणि ती मोडून ठेवता येते हे मला पुण्याच्या दुकानात कळलं. म्हटलं, मग उंच तिजोरी हवी कशाला, बुटकी चालेल. जावईबापूंना पण हेच विचार. त्यांची सुटत असेल तर निम्मा खर्च तिथंच वाचला.

येताना चौफुल्याला उतरलो. तिथं एक मिस्त्री ट्रॉल्या, फाटकं, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड बनवतात. त्यांना सांगितलं, ट्रॉलीला लावता तो जाड पत्रा लावा. बिजागऱ्या आतल्या बाजूला घ्या, बाहेर दिसल्या की कापणाऱ्याला वाट मिळाली. मागं आणि तळाला भोकं ठेवा, म्हणजे आतनं बोल्ट मारून भिंतीत आणि फरशीत आवळता येईल. उरलेल्या पत्र्याची काडतुसांसाठी छोटी पेटी करा, तिला कुलूप निराळं. मिस्त्री लिहून घेत होते तेवढ्यात काका हळूच म्हणाले, "दाराला काच बसवता येईल का? दिसली पायजे ना."

"बसवू की," मिस्त्री म्हणाले. "आत लाइट पण देतो, मिठाईच्या दुकानासारखी."

"मग वर चांदीचा वर्ख पण लावा," मी म्हटलं.

काका हसले, आणि काच तिथंच राहिली. पण त्यांच्या तोंडाकडं बघून मला वाईट वाटलं. खुंटीवरची बंदूक ही त्यांना बापाच्या फोटोच्या जागी होती. ती उतरवायची म्हणजे पुढच्या खोलीतनं बापालाच आत नेऊन बसवायचं.

तर ती तिजोरी, छोट्या पेटीसकट, दोन चांगल्या शेळ्यांच्या किमतीत झाली. हे घे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बसवताना एक लक्षात ठेव, मोरीच्या भिंतीला लावू नकोस, ओल येते. आम्ही आतल्या खोलीत, विटांच्या नव्या भिंतीला लावली. आत मी बुटांच्या खोक्यात येतात त्या पांढऱ्या पुड्या ठेवते, दमट होऊ नये म्हणून. खंडेनवमीला कोयते, ट्रॅक्टर यांच्याबरोबर दुनळीची पूजा झाली आणि काकांनी स्वतःच्या हातानं तिचे तीन भाग सोडून आत ठेवले. दिवाळीला लेकीला बोलावलं. आचारसंहिता नव्हती, काही नव्हतं. तरी आली.

आल्या आल्या ती आतल्या खोलीत गेली. दाराची मूठ ओढून बघितली, पेटी हलवून बघितली. चांगली आहे, म्हणाली. काका दारातच उभे होते, परीक्षेत पास झाल्यासारखे. तेवढ्यात नात म्हणाली, आबा, मी उघडून दाखवते, आणि पळत जाऊन किल्ली घेऊन आली.

कुठनं आणली? स्वयंपाकघराच्या दारामागं आपल्या सगळ्यांच्या घरी असतो तो खिळ्यांचा लाकडी पट्टा. मोटरच्या खोलीची किल्ली तिथं, ट्रॅक्टरची तिथं, कपाटाची तिथं. घरात नवीन किल्ली आली की हात आपोआप तिकडंच जातो. दोन शेळ्या मोजून तिजोरी केली आणि किल्ली टांगली ती अशी, की पाटावर उभं राहिलं तर हाताला येईल. लेकीचं तोंड एकदम उतरलं. ती बॅगेकडं बघायला लागली. ती अजून उघडायची होती.

काकांनी पोरीच्या हातातनं किल्ली घेतली. खिळ्याकडं गेले, तिजोरीचीच दुसरी किल्ली काढली, ती लेकीच्या हातात दिली. दौंडला घेऊन जा, म्हणाले. मग पहिली माझ्यापुढं धरली. "ही तुझ्याकडं ठेव. मी मागितली तरी आधी कशाला ते विचार."

मी ती कमरेच्या पिशवीत टाकली. लेकीनं बॅग उघडली.

ते बोलणं मी तेव्हा पोरीच्या समाधानासाठी केलेलं समजत होते. पण यंदा बांधावरनं शेजाऱ्याशी वाजलं. त्यानं नांगर आमच्या अंगावर घातला होता, म्हणजे बांध कोरला होता. काका घरी आले ते घामानं भिजलेले, ओठ पांढरे. माझ्यापुढं हात केला, किल्ली दे. मी विचारलं, कशाला? म्हणाले, पुसायची हाय. मी म्हटलं, "आज रविवार न्हाई."

ते तिथंच उभे राहिले. मी चहा टाकला. चहा उकळेपर्यंत ते खाली बसले होते. त्यांनी काही केलं असतं असं मला वाटत नाही, इतक्या वर्षांत मी माणूस ओळखते. पण ओळखते म्हणून किल्ली खिळ्यावर ठेवावी असं आता मला वाटत नाही. आपण म्हणतो कुलूप चोरासाठी असतं. चोर आमच्याकडं एकदाही आला नाही. राग मात्र घरातच राहतो, आणि लहान पोरांचं कुतूहलही.

ही तिजोरीची हकीकत. दिवाण आजच्या आज रिकामा कर. तोवर काडतुसं तरी निराळ्या खोलीत, कुलपात ठेव. मग जावईबापूंना आणि पोरांना घेऊन इकडं ये. पेटी बघून घे, अंगठा दाबून बघ, परत जाताना चौफुल्यावरनं जा, मिस्त्री ओळखीचे आहेत. पुढच्या खोलीतल्या त्या दोन खुंट्या अजून तशाच आहेत, सुट्टीत नात तिथं तिचं दप्तर अडकवते. तुझ्या पोरांच्या दप्तरांना पण जागा आहे. लवकर ये. निवडणुकीची वाट बघू नकोस.