गळ्यातली दुर्बीण

बुलवे दिसला की मुबिरूचा बाप होडीतूनच वल्हं उगारायचा. वहाणेएवढ्या चोचीचा तो करडा पक्षी सकाळी दिसला म्हणजे दिवसभर जाळं रिकामं, अशी दलदलीतल्या मासेमारांची पक्की समजूत. मुबिरूनेही त्याला ढेकळं मारली होती. मग पक्षी बघायला आलेल्या एका म्हाताऱ्या परदेशी पाहुण्याने त्याच्या डोळ्यांना दुर्बीण लावली. बुलवेचा पिवळा डोळा थेट त्याच्याकडेच बघत होता. मुबिरूने मासेमारी सोडली ती कायमची.

त्यानंतर वीस वर्षं तो पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतोय. धक्क्यावरच्या सात वाटाड्यांत धड दुर्बीण एकच, म्हाताऱ्याने मरण्याआधी धाडलेली. मार्चमध्ये मुबिरूला परदेशातल्या पक्षिमेळाव्याचं बोलावणं आलं, तेव्हा बाकीच्या सहा जणांनी ती त्याच्या गळ्यात घातली. "तू आपटलास तरी चालेल, ही आपटता कामा नये!"

विमानतळावर नांक्या नावाच्या तपासनीस बाईने नेमकी तीच अडवली. "हातात नाही चालायची. सामानात टाका."

मुबिरूने दुर्बिणीचा पट्टा घट्ट धरला. "ताई, सामान आदळतात हो. आतली भिंगं हलली तर एका पक्ष्याचे दोन दिसतील. हिच्यातून पाहुण्यांना बुलवे दाखवतो, सात घरं चालतात हिच्यावर."

तिने पासपोर्ट उघडला. "मुबिरू? हे तर आपल्या मांबा माशाच्या कुळातलंच नाव! अरे, मग भाऊच की माझा. आणि हिंडतोस कुणामागे, तर मांबा गिळणाऱ्या पक्ष्यामागे! लाज नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून लांबूनच बघतो."

ती हसली, पण दुर्बीण सोडेना. मुबिरूने खिडकीबाहेर बोट दाखवलं. विमानतळालगतच्या तळ्यावर चिलटांचा धूर उठला होता.

"ती मेली चिलटं? अकरा वर्षं बघतेय!"

"आता हिच्यातून बघ."

तिने दुर्बीण डोळ्यांना लावली. त्या धुरात हजारो पाकोळ्या चिलटं टिपत गिरक्या घेत होत्या, निळ्या पाठी उन्हात लखलखत होत्या.

"कुठल्या रे ह्या?"

"मी चाललोय ना, तिकडच्या. दर वर्षी येतात. आता परत निघतील."

"एवढ्याशा जिवाने? उडत?" मागे रांग कुरकुरत होती, पण ती हलली नाही. "माझ्या डोक्यावरनं जात होत्या, आणि मी पेट्या बघत बसले."

डोळे पुसून तिने नियमाचा कागद काढला. शंका असल्यास वस्तू सामानात टाकावी, असं त्यात होतं. "मला काही शंका नाही," ती म्हणाली आणि दुर्बीण स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात घातली.

विमान तळ्यावरून वर चढलं, तरी मुबिरूचा हात दुर्बिणीवरच होता. वीस वर्षांत त्याने शेकडो परक्यांचे डोळे विस्फारलेले पाहिले होते. आपल्या माणसाचे आज पहिल्यांदा पाहिले. बाप बुलवेला शिव्या घालतच गेला. त्याच्या डोळ्यांना ही लावावी, हे कधी सुचलंच नव्हतं. परतल्यावर आधी आईला होडीत बसवायचं, असं त्याने ठरवलं.