शेजारचा मर्व्ह आणि डोंगराची फी

मर्व्हबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. त्याला मी फार थोडा ओळखत होतो. त्याच्या बायकोचं नाव नोलीन होतं, हेसुद्धा मला तो गेल्यावर कळलं. जुलैमध्ये तो झोपेतच गेला आणि मकरंदनं अंत्यविधीची पत्रिका मला फोनवर वाचून दाखवली, तेव्हा. मी त्या वेळी चिंचवडला आमच्या घरी होतो. फोन ठेवल्यावर माझी बायको सुलभा म्हणाली, "त्याच्याविषयी चार ओळी लिहून ठेवा." मला लिहायची सवय नाही. पण ती सहसा काही सांगत नाही, म्हणून बसलो.

मकरंद, आमचा मुलगा, क्राइस्टचर्चमध्ये हॉर्नबी या उपनगरात राहतो. त्याच्या घराला लागून मर्व्हचं घर. मध्ये छातीएवढं लाकडी कुंपण. पहिल्या मुक्कामात आम्ही नुसते हात हलवले. माझं इंग्रजी कारखान्याच्या स्टोअरमधलं, पावत्यांपुरतं. तो बोले तेही अर्धं नाकात, अर्धं मिशीत. उंच, किंचित लंगडणारा, थंडीतही अर्धी चड्डी घालणारा माणूस. वय शहात्तर. तरी रोज सकाळी पाठीवर भरलेली पिशवी घेऊन गल्लीला फेऱ्या मारायचा. वल्लरीला, म्हणजे सुनेला, मी विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, तो शिकारी आहे. तयारी करतो."

दुसऱ्या मुक्कामात, ऑक्टोबरात, त्यानं कुंपणावरून एक आइस्क्रीमचा डबा पुढं केला. आत हरणाचं मांस होतं.

"डीन, खातोस ना?" दीनानाथ त्याच्या तोंडात बसत नसे; मला तो 'डीन' म्हणे, नाहीतर 'मेट', म्हणजे दोस्त.

मी खातो म्हणालो. सुलभानं डबा उघडून पाहिला आणि कपाळाला हात लावला. "आज चतुर्थी! आणि हरणाचं? त्याचे डोळे आठवतील हो मला." पण दुसऱ्या दिवशी तिनं कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा केला आणि स्वतःही दोनदा वाढून घेतला. मग डबा घासूनपुसून त्यात शंकरपाळी भरली. आलेलं भांडं रिकामं कसं पाठवायचं? मी तो कुंपणावरून परत दिला.

मर्व्हनं डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तो डबा घेऊन आत गेला. त्यानंतर बरेच दिवस त्यानं हात हलवला नाही.

शेवटी मीच धीर करून विचारलं, आमचं काही चुकलं का.

"शिकार विकायची नसते, डीन," तो म्हणाला. "कायदा आहे. आणि कायदा नसता तरी मी विकली नसती. मी दिलं, तू त्याची किंमत पाठवलीस."

"किंमत नाही रे," मी म्हणालो. पुढचं इंग्रजीत कसं सांगावं ते सुचेना. "आमच्याकडं भांडं रिकामं परत देत नाहीत. बरं दिसत नाही. भांड्याला."

"भांड्याला?"

"हो."

"आइस्क्रीमचा डबा होता तो, मेट. कचऱ्यात टाकायचा असतो."

आणि मग तो हसायला लागला. एवढ्या मोठ्यानं हसला की वल्लरी खिडकीत आली. तेव्हापासून तो डबा कुंपणावरून जात-येत राहिला. तिकडून मांस, कधी बागेतली लिंबं. इकडून लाडू, चकली. चकली त्याला फार आवडे. तिला तो 'काटेरी तार' म्हणायचा.

कुंपणाशी उभं राहून त्यानं मला जे सांगितलं तेवढंच मला ठाऊक आहे. हरीण या देशातलं नाही. इंग्रजांनी शिकारीच्या हौसेखातर बोटीतून आणलं. त्याला खाणारं जनावर इथं कुठलंच नाही, त्यामुळं ते वाढलं आणि जंगलातली कोवळी रोपं खाऊन फस्त करू लागलं. मर्व्ह एकोणीस वर्षांचा असताना सरकारनं त्याला हरणं मारायच्याच नोकरीवर ठेवलं होतं. पगार, काडतुसं, पिठाची पोती सरकारची. त्यानं डोंगरात राहायचं आणि शेपट्या कापून आणून दाखवायच्या. पुढं हेलिकॉप्टरं आली आणि ती नोकरी गेली. तो ट्रक चालवू लागला, पण दर वर्षी त्याच डोंगरात जात राहिला. सरकारी डोंगर सगळ्यांचा. परवाना घ्यावा लागे, पण फुकट.

एप्रिलमध्ये नर हरणं दऱ्यांतून डरकाळ्या फोडतात. शिकारी लोकांचा तो सणच. अलीकडं नजर अधू झाल्यामुळं मर्व्हचं लांबवर गाडी चालवणं बंद झालं होतं. त्याला न्यायचा तो कॉलिन, त्याचा जुना सोबती, आपल्या मोठ्या चाकांच्या गाडीतून. कॉलिननं नेलं तर डोंगर, नाहीतर नाही. मर्व्हनं हे एकदाच सांगितलं, लिंबं तोडता तोडता. "तिकडं गेलो की मी बरा असतो," एवढंच म्हणाला. त्याच्या घरात दुसरं माणूस नव्हतं.

जानेवारीत सरकारकडून असा प्रस्ताव निघाला की त्या डोंगरात शिकारीला फी लावावी आणि त्या पैशातून हरणं आटोक्यात ठेवावीत. कॉलिन भडकला. फेब्रुवारीत एका शनिवारी पायथ्याच्या गावात सभा होती. मर्व्ह म्हणाला, "चल डीन, भांडण बघायला."

मी कॉलिनच्या गाडीत मागच्या सीटवर बसलो. बाहेर वायव्येचा गरम वारा सुटला होता आणि कॉलिन वाटभर बोलत होता. "आज वीस डॉलर, उद्या दोनशे. मग परदेशातले श्रीमंत येतील आणि माझा नातू कुंपणाबाहेरून बघेल. ज्याच्या घरी मटण विकत घ्यायची ऐपत नाही, त्याचं काय?" मला त्याचं म्हणणं पटलं. अजूनही पटतं.

हॉलमध्ये सरकारी वनखात्याच्या एका तरुण मुलीनं पडद्यावर दोन चित्रं दाखवली. डोंगरात एक तुकडा तारेनं बंद केलेला होता. तारेच्या आत खांद्याएवढी रोपं, बाहेर नुसतं शेवाळ. लोकांनी तिला बरंच टोकलं. मग कॉलिननं मर्व्हला ढोसलं, "ऊठ, सांग त्यांना."

मर्व्ह उठला. "हीच हरणं मारायला सरकार मला पगार द्यायचं," तो म्हणाला. "आता मीच पैसे भरायचे?"

हॉल हसला, टाळ्या पडल्या. कॉलिननं त्याच्या पाठीवर थाप मारली. मर्व्ह बसला नाही. टोपी काढून हातात घेतली.

"ती तारेबाहेरची जागा मी ओळखतो. मी पोरगा होतो तेव्हा तिथं झाडीतून वाट काढावी लागायची. तेव्हापासून मी तिथून मांस आणतोय. त्या बदल्यात डोंगराला काय दिलं? डबा कायम रिकामाच परत केला." डबा कसला, ते तिथं कोणाला कळलं नसणार. तो पुढं म्हणाला, "फी लावा. पण पैसा त्याच डोंगरात राहायला हवा. वेलिंग्टनच्या सरकारी तिजोरीत गेला, तर पहिला मी ओरडेन."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. मागून कोणीतरी विचारलं, "आणि ज्यांना परवडत नाही, ते?" "ते मला माहीत नाही," म्हणून मर्व्ह खाली बसला.

परतल्यावर आम्ही घरापाशी उतरलो तेव्हा कॉलिननं मान वळवली नाही.

मार्च सरत आला. कॉलिनचा फोन येईना. मर्व्हनं बुटांना तेल लावलं, पिशवी भरून दारात ठेवली. ती तिथंच राहिली. गल्लीतल्या फेऱ्याही बंद झाल्या. मला जेवण गोड लागेना. मी भांड्याबिंड्याचं बोललो नसतो तर तो सभेत टाळ्या घेऊन खाली बसला असता, असं वाटायचं. एकदा हे त्याला बोलूनही दाखवलं.

"तुझ्या शंकरपाळ्यांना एवढं मोठं समजू नकोस," तो म्हणाला. "ती जागा मी तुझ्याआधी पाहिली होती." मला बरं वाटावं म्हणून म्हणाला की खरंच, ते कळलं नाही.

मी मकरंदला विचारलं, तू सोडशील का त्याला? मकरंद तयार झाला. पण मर्व्हनं नकारार्थी मान हलवली. "तुझ्या पोराची ती बॅटरीवरची गाडी? मध्ये बिनपुलाच्या दोन नद्या आहेत. डीन, तू नावाडी होणार का?"

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, आमच्या विमानाला दोन दिवस होते तेव्हा, सकाळी हॉर्न वाजला. कॉलिनची गाडी. तो खाली उतरला नाही, खिडकीतूनच ओरडला.

"तुझं डोकं फिरलंय, मर्व्ह. माझं मत बदललेलं नाही."

"माझंही नाही."

"मग बस त्या मतासकट. गेल्या खेपेला तू नव्हतास, तर मी केलेलं जेवण कुत्र्यानंही हुंगलं नाही. चढ लवकर."

मर्व्हनं पिशवी उचलली तेव्हा त्याचा पाय लंगडत होता की नाही, माझ्या लक्षात नाही. सुलभा आत धावली, डब्यात चकल्या भरून तिनं तो माझ्या हातात कोंबला. मी फाटकाशी पोचलो तेव्हा गाडी सुरू झाली होती. मर्व्ह आठवड्यानं परतणार आणि तोवर आम्ही गेलेलो असणार, हे त्या घाईत ना माझ्या लक्षात आलं, ना त्याच्या. मर्व्हनं डबा मांडीवर घेतला.

"काटेरी तार?"

"हो."

"झाकण कुठंय?"

मी पाहिलं. झाकण ओट्यावर राहिलं होतं. "घरात. आणतो थांब."

कॉलिननं पुन्हा हॉर्न दिला.

"राहू दे, मेट. आल्यावर नेईन."

"बरं," मी म्हणालो.