दुसरी थाळी

चोवीस डिसेंबर, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. साल सांगत नाही. त्यावरून माझे वय काढण्याचा उद्योग आपल्या मंडळींत फार लवकर सुरू होतो. त्या दिवशी, त्या वेळी, दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या माझ्या सरकारी क्वार्टरच्या दारात माझा अपमान झाला. सिस्टर क्लारांची माझी ओळख त्या अपमानातून झाली. त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहायचे तर मला तिथूनच सुरुवात करावी लागते.

दार वाजले म्हणून उघडले, तर समोर रामकली. आमच्या ब्लॉकच्या कडुनिंबाखाली टेबल मांडून ती साऱ्या कॉलनीची इस्त्री करायची. हातात स्टीलची थाळी, तिच्यावर धुतलेला रुमाल.

"मेमसाब, बड़ा दिन है। ये आपके लिए।"

रुमालाखाली नाताळचा फराळ: करंज्या, शंकरपाळे आणि दोन लाडू होते. दिल्लीत, रामकलीच्या हातात, मुरड घातलेली करंजी! मी विचारले, हे कोणी दिले? ती म्हणाली, "सिस्टरजी के यहाँ हम औरतों ने बनाया है। दो थाली मिलती हैं। एक अपने घर की। दूसरी उसको देनी होती है जिसके यहाँ त्योहार पे कोई न आता हो।"

आणि ती दुसरी थाळी तिने माझ्या दारात आणली होती.

मी तेव्हा केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते. माझ्या सहीशिवाय फाइल पुढे सरकत नसे. पुण्याला भाऊ होता, तो दिवाळीला पत्र पाठवायचा. लग्न केले नव्हते, त्याबद्दल कोणाला स्पष्टीकरण दिलेले नव्हते. आणि माझ्या साड्यांना इस्त्री करणाऱ्या बाईने माझ्यावर दानधर्म करावा? दारात तमाशा नको म्हणून थाळी घेतली, दार लावले, अंगावर शाल घेतली आणि ही सिस्टरजी कोण ते पाहायला थाळीसकट निघाले.

नन्स मला नव्या नव्हत्या. मी कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली. आमच्या नन्सनी आम्हाला काट्या-सुरीने केळे खायला शिकवले आणि बोटांवर फूटपट्टी मारून अक्षर वळणदार केले. नाताळात आम्ही मुली घरची जुनी खेळणी आणायचो. गरीब मुले रांगेत उभी राहायची, आम्ही इस्त्रीचे झगे घालून त्यांच्या हातात ती खेळणी ठेवायचो आणि त्यांच्याकडून थँक यू म्हणवून घ्यायचो. तेव्हा या बाबतीत कोणाला काय सुनावायचे ते माझ्यापाशी तयार होते.

सरोजिनी नगरच्या बाजारामागे, नोकरांच्या खोल्यांच्या रांगेला लागून, सिस्टरांच्या संघाचा छोटा दवाखाना होता. मागे पत्र्याची शेड. तिथे जमिनीवर पोळपाटांची रांग अजून तशीच होती आणि एक काळ्यासावळ्या, ठेंगण्या सिस्टर कोपरापर्यंत बाह्या सारून एकट्याच परात घासत होत्या. मी इंग्रजीत सुरुवात केली. चांगली लांब वाक्ये होती. त्या ऐकून घेत राहिल्या. मग माझ्या हातातल्या थाळीकडे पाहून चक्क मराठीत म्हणाल्या, "करंजी खाल्ली का? सारण जरा कमी गोड झालंय औंदा."

सिस्टर मूळच्या संगमनेरकडच्या. तिथल्या ख्रिस्ती घरांतला नाताळचा फराळ त्यांनी दिल्लीत आणला होता.

मी म्हटले, "मी भिकारी आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. दुसरी थाळी कोणाला द्यायची ते मी सांगत नसते. जिची थाळी तिनं ठरवायचं. रामकलीला विचारा."

"तिला मी गरीब दिसले?"

"तिच्याकडे आज एक थाळी जास्तीची होती, तुमच्याकडे नव्हती. एवढंच. बसा की. ती परात पुसून घ्या."

मी परात पुसली. का पुसली ते आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कडुनिंबाखाली रामकलीला विचारलेच. ती इस्त्रीत कोळसे भरत होती. मान वर न करता म्हणाली, "बाक़ी सब घरों में तो शोर था, मेमसाब। आपके यहाँ से आवाज़ ही नहीं आती।"

सिस्टर क्लारांच्या कार्याबद्दल या ग्रंथात अनेकजण लिहितील. दवाखाना, दुपारची शाळा, मुलांना सरकारी शाळेत घालण्यासाठी घातलेले खेटे. त्यातली शाळा मी पाहिली आहे. रामकलीची मोठी मुलगी सुनीता शाळेत येईना, कारण धाकटे भावंड सांभाळायचे होते. सिस्टर म्हणाल्या, त्यालाही आण. हे कळल्यावर आठवडाभरात शेडच्या मागच्या भिंतीशी तान्ह्या पोरांची रांग लागली. सिस्टर एकाला खांद्यावर थोपटत बाकीच्यांच्या बहिणींकडून पाढे म्हणवून घेत. सुनीता आज नर्स आहे. माझे ब्लडप्रेशर मोजते आणि मी लोणचे खाल्ले की मला रागावते.

पण माझ्या मते त्यांचे खरे काम ती शेड आणि तो पोळपाट. नाताळाआधी तीन दिवस कॉलनीतल्या धोबिणी, झाडूवाल्या, भांडीवाल्या तिथे जमायच्या. मैदा, रवा, तूप सिस्टर कुठून कुठून मागून आणायच्या. लाटणे जिचे तिने आणायचे. मागायला कोणी यायचे नाही, करायला यायचे. बिहारच्या बाया म्हणायच्या, ही तर आमची गुजिया. सिस्टर म्हणायच्या, "हाँ, पर किनारी हमारी।" आणि मुरड घालायला लावायच्या. चोवीसला चार वाजता प्रत्येकीच्या हातात दोन थाळ्या. वर्षभर दुसऱ्याच्या दारी हात पसरावा लागणाऱ्या बाईला त्या दिवशी दार शोधावे लागे, जिथे तिने द्यायचे आहे. रस्त्याने जाताना त्यांच्या चालीत फरक पडलेला असे. मी तो दरवर्षी पाहिला आहे.

पुढच्या वर्षीपासून मीही जायला लागले. माझ्या करंज्या तेलात उकलायच्या. रामकली म्हणायची, "मेमसाब, फ़ाइल नहीं है, ज़रा प्यार से।" आणि चोवीसला साडेतीन वाजले की सिस्टर मला हाकलायच्या. "जा आता घरी. तुमची थाळी यायची आहे." मी माझ्या वाटच्या दोन थाळ्या घेऊन घरी जायची आणि तिसरीची वाट पाहायची.

माझी दुसरी थाळी कोणाला द्यायची, हा प्रश्न मला पहिल्या वर्षी फार जड गेला. वरच्या मजल्यावर एक डायरेक्टरसाहेब राहायचे. पाण्याच्या टाकीवरून आमचे भांडण होऊन बोलणे बंद झाले होते. त्यांची पत्नी त्या पावसाळ्यात वारली होती. मी जिना चढले, थाळी पुढे केली. त्यांनी दारातूनच विचारले, "टाकीचा विषय आहे का?" मी म्हटले, "नाही. फराळाचा." त्यांनी थाळी घेतली आणि रुमाल उचलून पाहिला. मग म्हणाले, "आत या ना. चहा मला करता येतो." चहा वाईट होता. पण पुढे ते बदली होऊन जाईपर्यंत आम्ही टाकीवरून बोलून भांडलो.

एकदा एक धनाढ्य बाईसाहेब फोटोग्राफर घेऊन आल्या. मुलांना स्वेटर वाटायचे होते, मुले रांगेत हवी होती. सिस्टर म्हणाल्या, अवश्य, पण आधी पोळपाटावर बसा, इथे सगळे आधी काम करतात. बाईसाहेब हातातल्या बांगड्या काढून बसल्या. त्यांच्या करंज्या माझ्यापेक्षा वाईट उकलल्या. त्या दिवशी मला फार बरे वाटले. फोटो निघाला तो सगळ्या बायका त्यांना हसताहेत असा. स्वेटर नंतर एका ट्रंकेत ठेवले आणि ज्याला जो बसला तो त्याने घातला. कोणी कोणाच्या हातून घेतला नाही.

धर्मांतराबद्दलही विचारणा झाली. कॉलनीच्या समितीचे एक गृहस्थ शेडच्या दारात येऊन म्हणाले, "सिस्टर, सुना है यहाँ धर्म बदलवाते हैं?" सिस्टरांनी हातातले लाटणे माझ्याकडे रोखले. "इतने बरस में इन मेमसाब की करंजी का आकार नहीं बदलवा सकी, भाईसाहब। धर्म क्या बदलवाऊँगी।" गृहस्थ जाताना चार करंज्या खाऊन गेले. त्यात माझी एक होती.

माझी आई पुण्याला वारली तेव्हा मी वेळेवर पोहोचले नाही. दिवस करून परत आले तर क्वार्टर आणखीच गप्प झालेले. संध्याकाळी सिस्टर आल्या. देवाचे, स्वर्गाचे, काहीही बोलल्या नाहीत. मेथीची जुडी आणली होती, ती जमिनीवर बसून निवडत राहिल्या. मी म्हटले, मला भूक नाही. त्या म्हणाल्या, "मला आहे." भाकरी थापून, जेवून, भांडी घासून गेल्या. नंतर महिनाभर दर गुरुवारी त्यांना माझ्याच घरी भूक लागायची.

आता जे संपादक मंडळाने लिहू नये असे सुचवले आहे, ते लिहिते.

जुने क्वार्टर पाडले. नोकरांच्या खोल्या गेल्या, दवाखाना गेला, शेड गेली. रामकलीचे कुटुंब शहराच्या पार टोकाला गेले. मी निवृत्त होऊन नोएडात बाराव्या मजल्यावर राहायला आले, जिथे शेजाऱ्याचे नाव मला दारावरच्या पाटीवरून माहीत आहे. तरी चर्चच्या आवारात तंबू ठोकून सिस्टरांनी फराळ चालू ठेवला. बाया दोन बस आणि मेट्रो बदलून यायच्या. रामकली तशीच मेट्रोने मांडीवर थाळी धरून माझ्याकडे यायची. गेटवरचा गार्ड विचारायचा, कुठे? ती म्हणायची, "बारहवीं मंज़िल। मेहमान हूँ।"

गेल्या नाताळात संघाच्या नव्या व्यवस्थापनाने ठरवले की हे सगळे फार वेळखाऊ आहे. त्याऐवजी केकचे सीलबंद डबे आले. एका कुटुंबाला एक डबा, वर नाव चिकटवलेले. ट्रक, बॅनर, रांग. सिस्टरांना व्यासपीठावर खुर्ची दिली, गळ्यात हार घातला. त्यांच्या गुडघ्यांची काळजी म्हणून. मला हे कळवण्याची गरज कोणाला वाटली नाही. माझेही गुडघे त्या आठवड्यात संपावर होते, म्हणून मी लाटायला गेले नव्हते. चोवीसला चार वाजता मी नेहमीसारखी साडी बदलून बसले. साडेचार झाले. पाच झाले. खाली पार्किंगमध्ये कोणाची तरी पार्टी होती, तिचे गाणे बाराव्या मजल्यापर्यंत येत होते. सहाला मी रामकलीला फोन केला.

"मेमसाब, इस बार थाली बनी ही नहीं। डिब्बा मिला है।" मग म्हणाली, "उसमें से कैसे लाती? उस पे तो मेरा नाम लिखा है।"

डबा देणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. केक चांगला होता म्हणतात. पण रामकलीला त्या दिवशी पुन्हा रांगेत उभे केले, आणि मला पुन्हा ते घर दिले जिथून आवाज येत नाही.

नववर्षात सिस्टरांना भेटायला गेले तेव्हा कळले की या पंचाहत्तरीच्या सत्कारानंतर त्यांना दूर दक्षिणेतल्या वृद्ध सिस्टरांच्या निवासात पाठवायचे ठरले आहे. मी विचारले, "तिथे मराठी कोण बोलतं?"

"कोणी नाही. देवाशी बोलेन. त्याला येतं."

"तुम्ही नाही म्हणाला नाहीत?"

"मी आज्ञापालनाचं व्रत घेतलंय, बाई. तुम्ही कुठलं व्रत घेतलंय?"

निघताना सहज विचारले की चोवीसला चारनंतर, आम्ही सगळ्या थाळ्या घेऊन गेल्यावर, त्या काय करायच्या. म्हणाल्या, परात घासायची. बाकीच्या सिस्टर चर्चमध्ये गाण्याच्या तयारीला जायच्या, आणि त्या शेडमध्ये बसायच्या, एकेकीच्या रुमालाने झाकलेल्या थाळ्या दूरवर दिसेनाशा होईपर्यंत. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा त्या तशाच एकट्या होत्या. इतक्या वर्षांत इतक्या थाळ्या त्या शेडमधून निघाल्या, पण ज्या दारातून निघाल्या त्या दारात एकही परत आली नाही. आम्हा कोणालाच ते सुचले नाही.

सिस्टर क्लारांना भरपूर आयुष्य मिळो. गुडघे चालोत, जीभ आहे तशी चालो, हातातले लाटणे कोणी हार देऊन काढून न घेवो. ही माझी सदिच्छा. आता काम.

मी आणि रामकली यंदा माझ्या बाराव्या मजल्यावर पोळपाट मांडणार आहोत. सुनीता सुट्टी काढते आहे. ज्या बायांना यायचे आहे त्यांची नावे गेटवर दिली जातील; नव्हे, त्या मेहमान म्हणून येतील. माझी दुसरी थाळी यंदा सिस्टर क्लारांची आहे. ती दिल्लीत न्यायची की दक्षिणेत, हे सिस्टरांच्या संघाच्या वरिष्ठांनी मला कळवावे. तोंडी आश्वासन चालणार नाही; सरकारी नोकरीत मी त्याचे काय होते ते पाहिले आहे. उत्तर लेखी हवे, सहीनिशी, आणि येत्या चोवीस डिसेंबरला दुपारी चार वाजायच्या आत माझ्या हातात हवे. त्यानंतर करंज्या मऊ पडतात.